महाराजबागेची मान्यता : पिंजऱ्यांवर कायद्याची नजर कशी आली?

नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयाची मान्यता रद्द केली. आमच्या हुडकेश्वरात लहानपणी वाघ म्हटले की महाराजबागच डोळ्यांपुढे येई. तिला कुणाची ‘मान्यता’ असते, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते. आजचा धागा त्या मान्यतेच्या इतिहासाविषयी.

प्रथम बागेकडे पाहू. सक्करदरा, तेलंगखेडी, तुळशीबाग यांच्याप्रमाणेच महाराजबाग हीही नागपूरकर भोसल्यांची बाग. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले आणि नाग नदीकाठची ही बाग इंग्रज सरकारच्या हाती गेली. तिथे शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि १८९४ मध्ये त्याच आवारात प्राणिसंग्रहालय उभे राहिले. पुढे १९६९ मध्ये अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नागपूरच्या कृषी महाविद्यालयासोबत हा वारसाही त्याच्याकडे आला. मालक शेतीविद्येचा आणि रहिवासी वाघ-बिबटे, हा विचित्र संसार तेव्हापासूनचा. २०१८ चा पेच समजून घ्यायचा असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

एकोणिसाव्या शतकात प्राणिसंग्रहालय म्हणजे उद्यानाचा दागिना होता. मुंबईची राणीची बाग १८६२ ची. तिथेही आधी बाग, मग प्राणी. पिंजरा किती लांब-रुंद असावा, प्राण्याला आडोसा हवा की नको, हे ठरवणारे कुणी नव्हते. पाहणाऱ्याला प्राणी नीट दिसला म्हणजे झाले. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. परंतु पहिला सर्वच प्राण्यांसाठी होता आणि दुसऱ्याचे लक्ष प्रामुख्याने शिकार, अभयारण्ये आणि व्यापार यांवर होते. प्राणिसंग्रहालयांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरणच नव्हते.

ते प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीने जोडले गेले. कलम ३८ एच म्हणते की प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून कोणतेही प्राणिसंग्रहालय चालवता येणार नाही. प्राधिकरण १९९२ मध्ये अस्तित्वात आले, त्याच वर्षी मान्यतेचे नियमही आले. २००९ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. गंमत अशी, की १९९१ च्या व्याख्येतून सर्कस कटाक्षाने वगळली होती. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये जिचा पाया घातला, ती सर्कस या चौकटीत यायला २००२ ची दुरुस्ती उजाडावी लागली.

नियम वाचताना मला त्यातली बारीकसारीक तपशिलांची दृष्टी फार आवडते. आठवड्यातून किमान एक दिवस प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद हवे. सोमवारी बंद दरवाजा पाहून परत फिरणाऱ्या कुटुंबाला तो आळस वाटतो. वस्तुतः ती माणसांच्या नजरेपासून प्राण्यांची सुट्टी आहे. भोवती संरक्षक भिंत हवी, प्राण्यांकडून कसरती करवून घ्यायच्या नाहीत, पशुवैद्यक हवा, आणि पुढील विकासाचा बृहत् आराखडा मंजूर करून घ्यायला हवा. प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे हा कलम ३८ जे प्रमाणे गुन्हा आहे. २००९ मध्ये तर प्राधिकरणाने हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवून हत्ती-छावण्यांत न्यावे असे कळवले. इतक्या मोठ्या आणि कळपाने राहणाऱ्या जिवाला आवार पुरत नाही, हे सरकारने प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मान्य केले.

प्राधिकरणाने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार ५१३ प्राणिसंग्रहालये तपासली गेली. मान्यता मिळाली १६७ ना, नाकारली गेली ३४६ ना, आणि त्यांतली २४७ बंद पडली. गावोगावच्या नगरपालिकांच्या उद्यानांतले हरणा-माकडांचे पिंजरे गेल्या तीस वर्षांत दिसेनासे का झाले, याचे उत्तर बव्हंशी या आकड्यांत आहे.

पण बंद करणे म्हणजे काय? कारखान्याला टाळे ठोकता येते. बिबट्याला कुठे ठेवणार? पुण्याला वाट सापडली. महापालिकेने १९५३ मध्ये उभारलेले पेशवे पार्क शहराच्या मध्यात कोंडले होते. कात्रजला १३० एकर जागा होती, आणि २००५ पर्यंत प्राणी तिकडे गेले. नागपूरच्या बागेपाशी असे कात्रज नव्हते.

म्हणूनच २०१८ चा आदेश मला दंडापेक्षा निदानासारखा वाटतो. मुख्य आक्षेप आराखड्याचा आणि मनुष्यबळाचा होता. प्राणिसंग्रहालयाच्या कामासाठीच नेमलेले पूर्णवेळ अधिकारी हवेत, अशी नियमांची अपेक्षा. कृषी विद्यापीठाच्या पदरचनेत मात्र प्राध्यापकाची जागा असते, प्राणिसंग्रहालयाच्या जीवशास्त्रज्ञाची नसते. पिंजरा सुधारायला निधी लागतो, पद निर्माण करायला शासन निर्णय लागतो, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण. एक सरकारी संस्था दुसऱ्या सरकारी संस्थेला नापास करते आणि उत्तीर्ण होण्याची किल्ली तिसऱ्याच खात्याच्या कपाटात असते! कायद्यात केंद्र सरकारकडे अपिलाची तरतूद आहे. त्या वाटेने प्रकरण गेले आणि महाराजबागेची दारे उघडी राहिली. ज्यांना वाटते की ती तेव्हाच बंद व्हायला हवी होती, त्यांच्याशी मी सहमत नाही. पण ती केवळ आपल्या आठवणींसाठी चालू राहावी, हेही मला पटत नाही. आठवण आपली असते, आवार त्या प्राण्यांचे.

दरम्यान शहराच्या दुसऱ्या टोकाला गोरेवाडा उभे राहत होते. वन विकास महामंडळाच्या १९१४ हेक्टरांच्या त्या जंगलात आधी २०१५ मध्ये वन्यप्राणी बचाव केंद्र आले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी प्राणी उद्यानाच्या सफारीचे उद्घाटन झाले. तिथे आधी आराखडा झाला, मग प्राणी आले. महाराजबागेत प्राणी १८९४ मध्ये आले होते, आराखडा मागणारा कायदा ९७ वर्षांनी आला.