अतिनील किरण आणि झाडाचं पान : एका गैरसमजाचा इतिहास

आपल्या शिरवळला मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा येतो की भर दुपारी आपली सावलीच गायब होते. सूर्य बरोबर डोक्यावर. त्या उन्हात अतिनील किरणही भरपूर. आपण डोक्याला टॉवेल गुंडाळतो, पण नीरेकाठचा ऊस कुठे जाणार? त्याचं पान हे ऊन कसं सोसतं, ते आज पाहू.

हे किरण सापडले १८०१ साली. जर्मनीत योहान रिटर यांना दिसलं की, वर्णपटातल्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळं पडतं. पिकांची काळजी मात्र फार उशिरा सुरू झाली. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी ओझोनच्या थराला धोका असल्याचं सांगितलं. १९८५ साली अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगाला कळलं, १९८७ साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला.

त्या काळात प्रयोगशाळांतून रोपांवर अतिनील दिवे लावले गेले. पानं आखडली, वाढ खुंटली. मग काय, हे किरण म्हणजे पिकाला विषच, असं अनेकांना वाटलं. पण गोम अशी की, त्यातल्या कित्येक प्रयोगांत अतिनील किरण जोरदार आणि बाकीचा उजेड मंद होता. किरणांनी बिघडलेला डीएनए पान निळ्या उजेडाच्या मदतीने दुरुस्त करतं. तो उजेडच कमी, तर दुरुस्ती कशी होणार? पुढे उघड्या शेतात प्रयोग झाले, तेव्हा नुकसान बरंच कमी दिसलं.

२०११ साली आणखी एक उलगडा झाला. मोहरीच्या कुळातल्या अराबिडोप्सिस या छोट्या झाडात यूव्हीआर-८ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते जोडीने राहतं, अतिनील-बी किरण पडले की जोडी फुटते आणि पेशीला निरोप जातो. मग पान जाड होतं, आकाराने लहान राहतं, त्याच्या वरच्या थरात फ्लेव्होनॉइड साठतात. ते किरण शोषून घेतात. म्हणजे झाड स्वतःची छत्री स्वतःच तयार करतं!

याचा आपल्याशी संबंध काय? पॉलिहाऊसचे बरेचसे कागद अतिनील किरण अडवतात. आत वाढलेल्या टोमॅटोच्या रोपाला हा निरोप नीट मिळतच नाही. पान मऊ, लुसलुशीत, दिसायला सुंदर. तेच एकदम मेच्या उन्हात लावलं तर करपतं. त्यात उष्णतेचा आणि पाण्याचाही वाटा असतो, पण छत्री तयार नसणं हेही एक कारण. म्हणून लागवडीआधी आठवडाभर रोपं थोडी थोडी उन्हात ठेवायची. एवढ्याने रोपांचा आणि मजुरीचा खर्च वाया जाणं टळू शकतं.

आता प्रश्न घेऊ.