हार, नकार आणि निराशा : धम्म काय सांगतो, बाबासाहेबांनी काय केले

स्पर्धा परीक्षेच्या यादीतून दोन गुणांनी नाव जाते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्याच वस्तीतली मते फुटतात. लग्नाची बोलणी जात कळताच थांबतात. ज्या संघटनेसाठी वर्षभर घरोघरी फिरून वर्गणी गोळा केली, तिथेच पदे ठरताना आपले नाव वगळले जाते. आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या वाट्याला हे वारंवार येते. अशा वेळी सल्ले मात्र दोनच मिळतात. 'बाबासाहेबांचा वाघ तू, रडतोस काय?' हा एक आणि 'सोड ती चळवळ, पोटापाण्याचं बघ' हा दुसरा. दोन्ही सल्ल्यांत समोरच्याचे दुःख ऐकून घेण्याची तयारी नसते. हार कशी पचवावी याचे शिक्षण धम्मात आहे आणि बाबासाहेबांच्या चरित्रातही आहे. ते आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

आठ लोकधम्म

अंगुत्तर निकायात तथागतांनी आठ लोकधम्म सांगितले आहेत : लाभ आणि अलाभ, यश आणि अयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख. येथे यश म्हणजे मान, लौकिक. हे आठ कोणालाच चुकत नाहीत. धम्म न ऐकलेल्यालाही नाहीत आणि धम्म जाणणाऱ्या श्रावकालाही नाहीत. श्रावकाचे वेगळेपण एवढेच, की आलेली गोष्ट अनित्य आहे हे तो ओळखतो, म्हणून लाभाने फुगत नाही आणि अलाभाने मोडून पडत नाही. सारनाथच्या पहिल्या प्रवचनातही हवे ते न मिळणे आणि प्रियजनांचा वियोग यांची गणना दुःखात केली आहे. त्यामुळे निराश वाटणे हा दुबळेपणा मानू नये.

दोन बाण

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त येतो. एक बाण लागला की शरीराला वेदना होते. त्या वेदनेवर माणूस शोक करत बसतो, तो दुसरा बाण.

निकालात नाव नाही, हा पहिला बाण. 'माझी लायकीच नाही', 'आईबापाचा पैसा बुडवला', 'गावात तोंड कसं दाखवू', हा दुसरा. रात्री दोन वाजता मोबाईलवर इतरांच्या सत्काराचे फोटो बघत बसणे हाही दुसराच. पहिला बाण रोखणे अनेकदा आपल्या हाती नसते. दुसरा मात्र ओळखता येतो. त्यासाठी दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे आणि जे जाणवते त्याला नाव द्यावे : छातीत दडपण आहे, राग आहे, लाज वाटते आहे. नाव दिले की तो विचार आणि आपण यांत थोडे अंतर पडते.

एक सावधानता मात्र हवी. जातीमुळे आलेला नकार हा कोणीतरी मारलेला पहिला बाण आहे. 'मन शांत ठेव' असे सांगून त्याची तक्रार दाबणे धम्माला धरून नाही. जखमेची काळजी घेणे आणि अन्यायाची दाद मागणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही करायची असतात.

रडण्याला मनाई नाही

मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी गप्प बसवले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आणायला सांगितले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक घरातले दुःख तिने ऐकले. दुःख घेऊन माणसांत जावे, हा या कथेचा धडा. कुसिनारा येथे आनंद रडू लागला तेव्हा तथागतांनी त्याला जवळ बोलावून त्याच्या सेवेचे कौतुक केले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान गेल्यानंतर ही सभा मला रिकामी वाटते, असे स्वतः तथागतांनी भिक्खूंसमोर बोलून दाखवले.

1926 साली राजरत्नच्या मृत्यूनंतर बाबासाहेबांनीही आपले दुःख मित्र दत्तोबा पवार यांना पत्रातून मोकळेपणाने कळवले होते. चार अपत्ये गमावलेला तो बाप होता.

बाबासाहेबांच्या वाट्याची हार

जयंतीच्या भाषणांत आपण त्यांच्या पदव्या मोजतो. त्यांना काय काय नाकारले गेले, तेही तरुणांना सांगायला हवे.

• 1917 : शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. सामान घेऊन येणारे जहाजही बुडाले.
• 1923 : डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. त्यांनी तो लिहिला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली.
• 1930 पासून चाललेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने मंदिराचे दार उघडले नाही. 1935 मध्ये येवल्याची घोषणा झाली.
• 1927 साली सुरू झालेल्या चवदार तळ्याच्या लढ्याचा उच्च न्यायालयातील निकाल 1937 मध्ये लागला. दहा वर्षे गेली.
• 1951 : हिंदू कोड बिल रखडले आणि त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.
• 1952 : उत्तर मुंबईतून लोकसभेला काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पराभव.
• 1954 : भंडारा पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव.

यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. 1955 मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. 'द बुद्ध अँड हिज धम्म'चे लेखन पूर्ण केले. भंडाऱ्याच्या पराभवाला अडीच वर्षे होण्याआधीच, शेजारच्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. मतपेटीने नाकारलेल्या माणसाच्या हातून हे घडले. हिंदू कोड बिलातले विषयही 1955-56 मध्ये चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने आले.

उपेक्खा म्हणजे उपेक्षा नव्हे

मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. पालीतील उपेक्खा म्हणजे मनाचा समतोल. मेत्ता, करुणा, मुदितेबरोबरचा चौथा ब्रह्मविहार. या शब्दसाम्यामुळे 'बौद्धाने काही मनाला लावून घेऊ नये' असा समज पसरतो. 1952 च्या पराभवानंतर बाबासाहेबांनी निवडणुकीबाबत रीतसर दाद मागितली. ते राज्यसभेत गेले आणि कामाला लागले. समतोल म्हणतात तो हा.

हार झाल्यावर काय करावे

1. पहिले काही दिवस दुःखाला द्या. पद सोडणे, शिक्षण सोडणे, कोणाशी नाते तोडणे असे निर्णय त्या दिवसांत घेऊ नका.
2. एका विश्वासू माणसाशी बोला. ऐकणाऱ्यानेही लगेच उपदेश करू नये.
3. झोप, जेवण, चालणे सांभाळा. दारूपासून दूर राहा. पाचवे शील अशाच दिवसांत कामी येते.
4. मन निवळल्यावर कागद घ्या. आपली चूक कोणती, परिस्थितीचा भाग कोणता आणि अन्याय कोणता, हे तीन रकान्यांत लिहा. चूक सुधारा, परिस्थिती समजून घ्या, अन्यायाविरुद्ध दाद मागा.
5. दुसऱ्याच्या यशात आनंद मानणे म्हणजे मुदिता. ती लगेच साधणार नाही. निदान मत्सराची पोस्ट टाकू नका.
6. झोप उडाली, जगणे नको वाटू लागले, तर एकटे राहू नका. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. तथागतांनाही जीवक वैद्य होता.

विहारांना आमची एक विनंती आहे. निकालानंतर गुणवंतांचा सत्कार जरूर करा. पण ज्यांची नावे यादीत आली नाहीत, त्यांच्याही घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जा. चहा घ्या, बसा, ऐका. उद्या चळवळीचे काम त्यांनाही करायचे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!