नाताळ उभा करणारे हात : वसईच्या धर्मग्रामांचा अलिखित इतिहास

वसईचा इतिहास आपल्याकडे बहुधा किल्ल्यापासून सुरू होतो आणि किल्ल्यापाशीच संपतो. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन तारखांच्या दरम्यान तट, तोफा आणि सनदा यांची नोंद भरपूर आहे. पण पापडी, सांडोर, रमेदी, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांतील चर्च राजवटी बदलल्या तरी टिकून राहिली, ती कोणाच्या बळावर, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नाताळासारखा दुसरा काळ नाही, असे आम्हाला वाटते. कारण एरवी अदृश्य राहणारी एक सामाजिक रचना या दिवसांत उघडपणे कामाला लागलेली दिसते.

प्रथम शब्दांविषयी. ‘पॅरिश’ला मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘धर्मग्राम’ म्हणतात आणि धर्मगुरू किंवा संन्यस्त नसलेल्या सर्वसामान्य भाविकांना ‘प्रापंचिक’. हे दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. पहिल्यात धर्माला गावाची जोड आहे. दुसऱ्यात प्रपंच हा उणेपणा न मानता ओळख मानला आहे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज. ‘पाद्री’, ‘क्रूस’, ‘मिस्सा’ हेही तसेच. रमेदी या गावाचे नावच ‘रेमेदिओस’ या मारियामातेच्या पोर्तुगीज बिरुदातून आले. राज्यकर्ते गेले, त्यांचे शब्द मात्र सामवेदी आणि वाडवळी बोलणाऱ्यांच्या तोंडी मराठी होऊन राहिले.

प्रापंचिकांनी चालवलेल्या सेवेची परंपरा पोर्तुगीज काळाइतकीच जुनी आहे. १४९८ साली लिस्बनमध्ये ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाचा प्रापंचिकांचा बंधुसंघ स्थापन झाला. रोग्यांची शुश्रूषा, कैद्यांची विचारपूस, गरिबांचे अंत्यसंस्कार ही त्याची कामे. पोर्तुगीजांच्या वसाहतींबरोबर हे संघ पूर्वेकडे आले आणि वसईतही असा संघ होता. अर्थात त्याची सूत्रे पोर्तुगीजांच्या हाती होती, हे विसरता येत नाही. पण धर्मग्रामाचे काम केवळ पाद्र्याचे नाही, ही कल्पना त्यातून रुजली. वसईचा संत गोन्सालो गार्सिया याचेच उदाहरण पाहावे. पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांचा हा पुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाला आणि १८६२ साली संतपदाला पोहोचला. तो फ्रान्सिस्कन संघातला होता, पण धर्मगुरू नव्हता. दीक्षित पुरोहितांच्या पंक्तीत न बसलेला, दुभाषाचे आणि सेवेचे काम करणारा हा ‘ब्रदर’ वसईचा पहिला संत ठरावा, हा योगायोग आम्हाला बोलका वाटतो.

१७३९ नंतर खरी कसोटी लागली. पोर्तुगीज फौजेपाठोपाठ युरोपीय धर्मसंघांचे संन्यासी निघून गेले. किल्ल्यातील भव्य चर्च ओस पडली. काही घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्या घंटांची कथा आपण आवडीने सांगतो. मागे उरलेल्या घंटा कोण वाजवत होते, हे मात्र सांगत नाही. मागे उरले होते एतद्देशीय धर्मगुरू, संख्येने थोडे, आणि शेतकरी, बागायतदार, कोळी असे ख्रिस्ती कुणबाऊ जग. ज्या धर्माला राजाश्रय होता म्हणून तो टिकला असे सरसकट म्हटले जाते, तो धर्म राजाश्रय संपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. केवळ सत्तेच्या सिद्धान्ताने याचा उलगडा होत नाही. घरातली प्रार्थना, गावातला क्रूस आणि वर्षाचे सण यांनी हा समाज बांधून ठेवला, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही.

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज ‘पाद्रोआदो’ आणि रोमची ‘प्रोपागांदा’ यांच्यातील अधिकारकलह मुंबई परिसरात पेटला, तेव्हाही प्रापंचिक गप्प बसलेले दिसत नाहीत. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चवरून वाद इतका विकोपाला गेला, की बिशप हार्टमन यांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले. या भांडणाची शोभा कोणाला वाटणार नाही. परंतु चर्च ‘आपले’ आहे, ही भावना त्यातून स्पष्ट होते. जे आपले असते त्यासाठीच माणूस भांडतो आणि त्यासाठीच बिनमोल राबतोही.

या राबण्याला धर्मशास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झालेल्या दस्तऐवजाने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली; १८ नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजाने प्रापंचिकांच्या कार्याचा स्वतंत्र विचार मांडला. वसईत याचा परिणाम फार खोल झाला. लॅटिन मिस्सा ऐकणारा समाज मराठीत उत्तरे देऊ लागला, वाचने करू लागला, गाणी रचू लागला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत लिहून जी वाट दाखवली होती, ती साडेतीन शतकांनी वेदीपर्यंत पोहोचली. ‘सुवार्ता’ मासिकाने याच भूमीत मराठी वाचक घडवला. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्यामागे अशा कितीतरी वाचकांची आणि गाणाऱ्यांची पुण्याई होती.

आता नाताळाकडे येऊ. आगमनकाळाचे चार आठवडे म्हणजे धर्मग्रामाच्या संघटनेची परीक्षाच. तरुण मंडळी बांबू, गवत, माती, कागद जमवून ख्रिस्तजन्माचा गोठा उभारतात. गायकवृंदाची तालीम दिवसभराच्या नोकरीनंतर सुरू होते. नाताळगीते गाणारे जथे घरोघर फिरतात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजारी आणि अडचणीतल्या कुटुंबांची यादी घेऊन निघतात. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केली होती, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसेल. मिस्सेच्या रात्री खुर्च्या मांडणारे, वाहने लावून देणारे, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणणारे, आणि सारे पांगल्यावर मंडप झाडणारे वेगळेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर बंधने आणल्यावर अनेक ठिकाणी ‘मध्यरात्रीची’ मिस्सा लवकर होऊ लागली, तेव्हा वेळापत्रकाची नवी घडी बसवली तीही याच लोकांनी.

या चित्राला दुसरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. यांतल्या कष्टाचा मोठा वाटा स्त्रियांचा. वेदीची वस्त्रे धुण्यापासून नेवऱ्या तळण्यापर्यंत सारे त्यांच्याकडे; वेदीसेवेसाठी मुलींना मात्र रोमची स्पष्ट मुभा मिळाली ती १९९४ साली. सामवेदी, वाडवळ, कोळी असे भेदही चर्चच्या दारात आपोआप गळून पडत नाहीत. तरीही एकाच दोरीला चार घरांचे हात लागतात, तेव्हा ती माणसे एकमेकांना नावाने हाक मारू लागतात. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

आज आम्हाला काळजी वाटते ती दुहेरी. वसईच्या वाड्यांची वेगाने इमारतींत रूपांतरे होत आहेत. तरुण कामासाठी लांब जातात. गोठा आणि रोषणाई पैसे देऊन करून घेणे सोपे झाले आहे. देखावा त्याने कदाचित अधिक देखणा होईल, पण शेजाऱ्याला हाक मारण्याचे एक निमित्त जाईल. दुसरी काळजी नोंदींची. ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाह आणि बाप्तिस्मा यांच्या नोंदवह्या बंधनकारक केल्या. म्हणून कोण जन्मले, कोणाचे लग्न कोणाशी झाले, हे शोधता येते. गोठा कोणी बांधला, कंदील कोणी टांगला, पेटी कोणी वाजवली, याची वही कोणीच ठेवली नाही.

ती वही आता तरी ठेवता येईल. गायकवृंदाच्या हस्तलिखित गाणेवह्या, मंडळांचे जमाखर्च, जुनी छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी प्रत्येक धर्मग्रामाने जमवाव्यात. आमच्या महाविद्यालयांतील मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी चर्चच्या आवारात पाठवावे. त्यांत ख्रिस्ती नसलेले विद्यार्थी असतील तर अधिकच बरे. किल्ल्याच्या तटांचे मोजमाप पुष्कळ झाले. त्या तटांबाहेर जो समाज दरवर्षी डिसेंबरात स्वतःला नव्याने उभा करतो, त्याचे मोजमाप अद्याप व्हायचे आहे.