गाडीची गोधडी

गेल्या दिवाळीत माझा भाचा अमेरिकेहून आला होता. फराळाच्या ताटांभोवती सारी मंडळी बसलेली आणि तो फोनवर छायाचित्रे दाखवीत होता. त्यांत एक भलीमोठी मोटार होती. मोटार कसली, चाकांवरचे बिऱ्हाडच ते! आत ओटा, आत पलंग, आत न्हाणीघर. तिकडची कुटुंबे सुटीत असली घरगाडी घेऊन आठवडेच्या आठवडे हिंडतात. पण मुक्कामी पोचल्यावर दूध-भाजी आणायला एवढे धूड कुठे हलवायचे? म्हणून घरची छोटी मोटार मागे लोखंडी दांड्याने जोडून बरोबर नेतात. भाच्याच्या त्या छोट्या मोटारीचे तोंड मात्र काळ्या कापडाने करकचून बांधलेले होते.

माझी बहीण चष्मा सावरीत म्हणाली, “अरे, हिला काय गालगुंड झालंय?”

भाचा हसून म्हणाला, “आई, पुढच्या गाडीची चाकं खडे उडवतात. पहिल्याच सफरीत बॉनेटवर देवीचे व्रण उठावेत तसे टवके उडाले, दिव्याची काच गेली. तेव्हापासून हा बंदोबस्त.”

मी म्हटले, “मग तू नवीन काय केलेस? तुझ्या आजोबांच्या फियाटला आम्ही १९७३ साली गोधडी पांघरली होती.”

कुणाचा विश्वास बसेना. ती हकीकत मी सांगणारच आहे. पण जन्म इतिहास शिकवण्यात गेलेला, तेव्हा जरा मागून सुरुवात केल्यावाचून मला राहवत नाही.

एका गाडीने दुसरी ओढत नेण्याला आपल्याकडे ‘टोचन’ म्हणतात. आमचे नगर कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झाले, माझ्या तोंडी मात्र अजून नगरच येते. या गावाने ओढून नेलेल्या वस्तूंचा विचार केला, की पहिली आठवते ती मुलूखमैदान तोफ. मोठ्या तोंडाच्या माणसाला आपण हे नाव सहज ठेवतो. पण ती तोफ विजापूरची नव्हे, जन्माने नगरची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निजामशाहीत १५४९ साली महंमद बिन हुसेन रूमी नावाच्या कारागिराने ती इथे ओतली. वजन सुमारे ५५ टन, आणि तोंड जबडा वासलेल्या सिंहाचे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे तिला लागली, असे सांगतात. अवजड तोफा नेण्याची रीतच अशी होती, की पुढे बैलांच्या जोड्यांमागून जोड्या आणि गाडा अडला की हत्ती मागून मस्तकाने रेटा देणार.

आता गंमत पाहा. एवढ्या लवाजम्यामागून येणाऱ्या तोफेला रस्त्यावरच्या दगडांचे भय होते का? मुळीच नाही. बैलाच्या खुराने दगड बाजूला सरतो, उडत नाही. भय होते ते धुळीचे आणि पाण्याचे. तोफेच्या नळीत माती बसली आणि कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, ओल शिरली, की ती ऐन वेळी मुकी व्हायची. म्हणून फिरत्या तोफांच्या तोंडाला लाकडी बूच मारीत आणि कानावर शिशाचा पत्रा बांधीत. ओढल्या जाणाऱ्या वस्तूला वाटेपासून जपण्याचा हा जुना उपाय, आणि भाच्याचे काळे कापड त्याच्याच कुळातले. जनरल वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेतला, तेव्हाही त्याच्या तोफा बैलांच्याच चालीने आल्या होत्या.

दगड उडू लागला तो रबरी टायर आल्यावर, आणि याला कारण झाली ती खडीची सडक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने सडकेचा नवा नियम घालून दिला: मोठे धोंडे नकोत, सहा औंसांच्या आतली, म्हणजे फार तर १७० ग्रॅमची फोडलेली खडीच घाला; जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांखाली ती आपोआप एकमेकींत घट्ट बसेल. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली ती बसलीही. पण मोटारीचे रबरी चाक खडीमधली बारीक भुकटी ओढून काढते, आणि भुकटी गेली की खडी सुटी होते. मोटारींनी आपली वाट आपणच उखडली म्हणा ना! युरोपात १९०२ च्या सुमारास सडकांवर डांबर ओतायला सुरुवात झाली ती याच त्रासामुळे. आपल्याकडे सरकारने १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या शिफारशीने पेट्रोलवरच्या करातून सडकांसाठी वेगळा निधी निघाला. पण डांबर तालुक्याच्या गावांपर्यंत पोचायला पुढे कितीतरी वर्षे लागली.

आणि मध्येच आला बहात्तरचा दुष्काळ.

माझे वडील डॉक्टर. पाथर्डी भागात दुष्काळी कामे निघाली होती, तिथल्या मजुरांना तपासायला ते आठवड्यातून एकदा आपली जुनी फियाट घेऊन जात. १९७३ च्या त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. काम म्हणजे बहुतेक खडी फोडणे. ज्यांच्या शेतात दाणा पिकला नाही अशी भली कुणब्याची माणसे, लेकुरवाळ्या बायका, सडकेच्या कडेला उन्हात बसून हातोडीने दगड फोडीत. ढीग मोजून मजुरी मिळे, खायला सुकडी मिळे. खडी एवढी झाली, की सडकांवर ती पसरली गेली. दाबायला रोलर आणि पाणी कुठून आणायचे? विहिरींनाच पाणी नव्हते.

अशाच एका फेरीत पाथर्डीजवळ फियाटचे इंजिन बसले. मी अठरा वर्षांचा, बरोबर होतो. धान्य टाकून रिकामा परतणारा एक ट्रक भेटला. ड्रायव्हर भला माणूस. त्याने दोरखंड काढला आणि टोचन करून नगरला सोडतो म्हणाला. वडिलांना त्या गाडीचा जीव की प्राण. मागच्या बाकावर आईने शिवलेली गोधडी होती, ती आम्ही बॉनेटवर घालून सुतळीने बांधली. पुढची काच अर्थातच उघडी ठेवावी लागली. दोराने ओढलेल्या गाडीचे सुकाणू कुणीतरी धरायलाच हवे, आणि ते वडिलांनी धरले होते.

करंजीचा घाट मागे पडला आणि ट्रकने वेग धरला. वडील हॉर्न वाजवीत होते, पण रिकाम्या ट्रकच्या खडखडाटात तो कुणाला ऐकू जाणार? पाच-सहा मैलांवर फाडकन् आवाज झाला आणि समोरची अख्खी काच पिठासारखी पांढरी झाली. क्षणभर काही दिसेना. वडिलांनी मान खिडकीबाहेर काढली आणि तशीच गाडी सांभाळली. मी दुसऱ्या खिडकीतून ओरडत होतो. ट्रक थांबला तेव्हा काच वडिलांच्या मांडीवर साबुदाण्यासारखी ओघळली होती. कपाळावर दोन ओरखडे, एवढ्यावरच निभावले. खडा माझ्या पायाशी पडला होता.

नगरच्या मिस्त्रीने गाडी पाहिली आणि गोधडी सोडली, तर दुसरेच दुःख! कापड वाऱ्याने सारखे फडफडले होते, त्याखाली धूळ शिरली होती, आणि काचकागदाने घासावा तसा बॉनेटचा रंग जागोजाग खरवडला गेला होता. मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गाडीला गोधडी घालून काय उपयोग? ट्रकला चड्डी घालायची!” त्या ट्रकच्या मागच्या चाकांना रबराचे पडदेच नव्हते. जोडचाकांच्या फटीत खडा अडकतो, चाकाबरोबर वर येतो आणि सुटतो, हे त्याने मला बोटाने दाखवले.

ते मला पुढे उमगले. खडा मागच्या गाडीवर चाल करून येत नाही; तो हवेत उठलेला असतो आणि गाडीच त्याच्यावर जाऊन आदळते. चाळीस किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला अकरा मीटर होतात. आपण स्वतः गाडी चालवीत असलो तर ट्रकपासून मागे राहतो, बाजूला होतो. टोचन केलेल्या गाडीला मागे राहताच येत नाही. तिचे अंतर दोरीने ठरवलेले.

रणगाडेवाल्यांनाही हा धडा शिकावा लागला. नगरच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ साली उघडले, मी मुलांच्या सहली नेत असे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश रणगाड्यांच्या पट्ट्यांवर बाजूने पत्र्याच्या झडपा लावीत, म्हणजे वाळू उडते तिथेच दबते आणि धुळीचा लोट शत्रूला दिसत नाही. झडप लावायची ती उडवणाऱ्याला, आमच्या मिस्त्रीसारखीच.

हे सारे ऐकून भाचा म्हणाला, “मामा, तुमचा मिस्त्री बरोबर होता. मीही आधी कापडच बांधलं, आणि रंग घासला गेला.” मग त्याने सगळे समजावले. आता तो गाडी धुऊन, पुसून मगच कापड चढवतो आणि ते कुठेही सुटे राहू देत नाही. घरगाडीच्या शेपटाखाली तिच्या रुंदीएवढा रबरी पडदा टांगला आहे. पण त्याचेही नखरे आहेत. फार खाली आला तर सडकेवर घासतो, हलका असला तर वाऱ्याने मागे उचलतो, आणि इंजिन मागच्या बाजूला असेल तर त्याच्या उष्णतेला वाट ठेवावी लागते. काही लोक दोन गाड्यांच्या मध्ये टणक फळी उभी करतात, तेव्हा खडा तिच्यावरून उलटून घरगाडीच्याच पाठीत बसतो! हल्ली बॉनेटवर एक पारदर्शक पापुद्रा चिकटवतात. तो मुळात व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरची पाती खड्या-वाळूपासून वाचवायला काढलेला. भाच्याचा कौल मात्र पडद्याला.

तेवढ्यात बहीण आत जाऊन वडिलांच्या टेबलाच्या खणातून तो खडा घेऊन आली. वडिलांनी तो टाकला नव्हता. जन्मभर औषधांच्या चिठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवला. नवीन काचेचे पैसे कुणाकडून मागायचे, असे कुणी विचारले, की ते खडा उचलून त्याच्या हातावर ठेवीत आणि म्हणत, “हा फोडणाऱ्या बाईला याची मजुरी मिळाली की नाही ते आधी बघ.”

भाच्याने खडा चकलीच्या भाजणीच्या काट्यावर ठेवला. सत्तर ग्रॅम भरला. मॅकॅडमच्या नियमात अगदी चोख बसणारा.

“मामा, हा मी नेऊ?” त्याने विचारले.

बहिणीने तो त्याच्या हातून काढून घेतला आणि परत खणात ठेवला.