मेंढ्या-शेळ्यांच्या कळपासाठी राखणीचा कुत्रा : निवड आणि संगोपन

लांडगा, बिबट्या किंवा भटक्या कुत्र्यांपासून कळप वाचवण्यासाठी मोठ्या जातीचा कुत्रा घ्यावा, असे अनेक पशुपालकांना वाटते. मग अलाबाई, कांगल, कॉकेशियन ही नावे पुढे येतात आणि एका पिल्लासाठी चांगल्या दोन-चार शेळ्यांची किंमत मोजली जाते. या जाती आपापल्या मुलखात उत्तम काम करतात. पण राखण कशी होईल हे पिल्लू कोणत्या जातीचे आहे यापेक्षा ते कुठे आणि कोणासोबत वाढले यावर जास्त अवलंबून असते.

निवड

कांगल तुर्कस्तानच्या सिवास भागातला, अलाबाई मध्य आशियातला, तर गद्दी कुत्रा हिमाचलच्या मेंढपाळांचा. थंडीसाठी त्यांच्या अंगावर दाट केस असतात. सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा असा कुत्रा दिवसभर कळपामागे चालू शकत नाही. तो सावलीत धापा टाकत पडतो, कधी उष्माघाताने दगावतो.

मुधोळ आणि कारवान हे कुत्रे चपळ आणि काटक असले तरी ते शिकारीचे आहेत. पळणारे दिसले की पाठलाग करायचा, हा त्यांचा पिंड. राखणीचा कुत्रा मात्र कळप सोडून लांब जाता कामा नये. जर्मन शेफर्ड माणसाशी जोडला जातो, मेंढरांशी नाही.

आपल्या भागात धनगरांच्या वाड्यावर वाढलेल्या, काम करणाऱ्या कुत्रीचे पिल्लू ही माझ्या मते सर्वांत चांगली खरेदी. पिल्लू पाहण्याआधी आई पाहा. ती मेंढरांत शांत बसते का, अनोळखी माणसाला अडवते पण धावून चावत नाही ना, हे दिवस मावळताना जाऊन बघा. नर-मादी असा आग्रह नको. मादीही तितकीच चांगली राखण करते. कळप मोठा असेल तर दोन कुत्रे ठेवा. एक लांडगा कुत्र्याला लांब ओढतो आणि दुसरा कोकरू उचलतो, हा अनुभव मेंढपाळांना नवा नाही.

कळपाशी नाते

पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की आणा आणि थेट वाड्यात ठेवा. तीन ते सोळा आठवडे या वयात ते ज्यांच्यासोबत राहते, त्यांनाच आपले मानते. वाघरीच्या आत जाळीचा छोटा कप्पा करून शांत स्वभावाच्या दोन-तीन मेंढ्या शेजारी ठेवा. मारकी मेंढी नको; पिल्लू एकदा घाबरले की कळपापासून दूर राहते. खाणे तिथेच द्या. घरात नेऊन मुलांसोबत खेळवलेले पिल्लू पुढे घराच्या ओट्यावरच बसते. माणसाने हात लावला, पाय तपासले, साखळी बांधली तर ते सहन करील, एवढी सवय मात्र हवीच.

पाच ते दहा महिन्यांच्या वयात ते कोकरांचे कान चावते, मागे धावते. लगेच दरडावून थांबवा. सवय मोडत नसेल तर गळ्यात हलके लोढणे बांधा. पूर्ण भरवसा दीड-दोन वर्षांनंतरच ठेवावा. त्याआधी त्याला एकट्याने लांडग्यासमोर सोडू नका.

बिबट्या व लांडगा मानेला धरतात, म्हणून मोठ्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालण्याची पद्धत आहे. ती योग्यच आहे. पट्टा सैल नको आणि खिळे बाहेरच्या बाजूने असावेत.

आहार

नुसत्या भाकरी-ताकावर मोठा कुत्रा वाढत नाही. भाकरीसोबत अंडी, शिजवलेले मांस किंवा सुकट द्या. याउलट, लवकर थोराड व्हावा म्हणून कॅल्शियमची औषधे पाजणेही चूक आहे. वाढत्या मोठ्या पिल्लांची हाडे त्याने वाकडी होतात.

जंत : इथे हयगय नको

मेंढी कापल्यावर काळीज-फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकण्याची सवय फार महागात पडते. त्यातील पाण्याच्या गाठींमध्ये एका फीतकृमीच्या अळ्या असतात. त्या कुत्र्याच्या पोटात वाढतात, साधारण दीड महिन्यात अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात आणि चारा-पाण्यातून मेंढरांत, हातावरून माणसांत जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात झालेली गाठ अनेकदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. अशाच मार्गाने आणखी एक फीतकृमी मेंढीच्या मेंदूत गाठ करतो. ती मेंढी एकाच बाजूला गोल फिरते. म्हणून असे अवयव खोल पुरा किंवा जाळा, मेलेली मेंढरेही उघड्यावर टाकू नका.

जंताची प्रत्येक गोळी फीतकृमीवर चालत नाही. प्राझिक्वांटेल असलेले औषध वजनानुसार, किमान तीन महिन्यांनी द्या. गाठी आढळणाऱ्या कळपात ते सहा आठवड्यांनी द्यावे लागते. मेंढ्यांचे आयव्हरमेक्टिन कुत्र्याला अंदाजाने टोचू नका. गोचिडांसाठीही कुत्र्याचेच औषध पशुवैद्यकांकडून घ्या.

लसीकरण

सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, त्यानंतर बूस्टर आणि दरवर्षी एकदा. भटकंतीत कार्ड हरवते, त्यामुळे मोबाईलमध्ये फोटो ठेवा. कुत्रा कोणाला चावलाच तर लस दिलेली असली तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लांडग्यासाठी विष घातलेले मांस ठेवू नका. लांडगा कायद्याने संरक्षित आहे आणि ते मांस बहुधा आधी आपलाच कुत्रा खातो. जनावर मारले गेले तर ते न हलवता लगेच वन विभागाला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते.