तरणा पाऊस आणि बारा जुलै

आज सकाळी साडेआठला छत्री घेऊन गच्चीवर गेलो आणि पर्जन्यमापकातले पाणी मोजले. एकेचाळीस मिलिमीटर. एका जुन्या विद्यार्थ्याने निवृत्तीनंतर हे प्लॅस्टिकचे मापक मला भेट दिले. तेव्हापासून पावसाळ्यात रोजचा आकडा वहीत टिपायचा हा माझा नेम. सौ. म्हणते, "एवढे भिजून तुम्हाला काय मिळते?" उत्तर माझ्याकडे नाही. पण साडेआठची वेळ मात्र मी चुकवत नाही, कारण देशभरातल्या वेधशाळा त्याच वेळी चोवीस तासांचा पाऊस मोजतात. म्हणजे काल दुपारी पडलेला पाऊसही आजच्या तारखेच्या नावावर जमा होतो. आमच्या शाळेच्या हजेरीपटाला असली सवलत कधी नव्हती!

पुण्यात पावसाची गोष्ट निघाली की 'शिमला ऑफिस' आठवते. बसच्या पाटीवर हे नाव वाचून बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, पुण्यात शिमला कुठून आले? हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झाले होते आणि पुढे १८६६ व १८७१ मध्ये पावसाने दगा दिला होता. या खात्याचे मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग १९०५ मध्ये शिमल्याला आणि १९२८ मध्ये पुण्याला आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोकांनी चिकटवलेले नाव गेले नाही. कचेऱ्या हलतात, नावे हलत नाहीत.

सध्या पुनर्वसू नक्षत्र चालू आहे. आपल्याकडे याला तरणा पाऊस म्हणतात आणि पुढच्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा म्हणजे जोरात, न सांगता येणारा आणि थांब म्हटले तर न थांबणारा. आज तारीख बारा जुलै. माझ्या पिढीच्या पुणेकराला ही तारीख आणि हा पाऊस एकत्र आले की काय आठवते ते सांगायला नको. तरी सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना पानशेत म्हणजे सहलीचे ठिकाण एवढेच माहीत असते.

१९६१ साल, बुधवार, अमावास्या. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आम्ही नारायण पेठेत नदीकडच्या बाजूला एका वाड्यात राहत होतो. पानशेतचे धरण मातीचे. त्याचे काम पुरते झालेले नव्हते आणि त्याच वर्षी त्यात पहिल्यांदा पाणी साठवायला घेतले होते. आदल्या रात्री धरण खचू लागले तेव्हा लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत होते. सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले. पाण्याचा तो लोंढा खाली खडकवासल्याला आला. ते धरण दगडी, एकोणिसाव्या शतकातले. त्यालाही हा भार पेलला नाही आणि त्याच दिवशी तेही फुटले.

हे सारे नंतर कळलेले. त्या सकाळी मला काय कळले ते ऐका. नऊच्या सुमारास मी दूध आणायला गेलो होतो. सिंहगडाच्या रस्त्याने सायकलवर आलेला एक माणूस रांगेतल्या लोकांना ओरडून सांगत होता, "पानशेत गेले! पळा!" काही लोक हसले. मी धावत घरी आलो आणि तेच ओरडलो. थोरल्या काकांनी माझ्या कानाखाली एक दिली. "अफवा पसरवतोस?" त्यांचाही फार दोष नव्हता. धरणाविषयी आदल्या संध्याकाळपासून नाना वावड्या उठत होत्या आणि धोका नाही असे सांगणारेही तितकेच होते.

मी गप्प बसलो. इथपर्यंत ठीक होते. पण खालच्या खोलीत माई राहत असत. विधवा बाई. शिवणाच्या यंत्रावर परकर-पोलकी शिवून एकट्या संसार चालवायच्या. मी जिना उतरताना त्यांनी विचारले, "काय रे, वर कसला आरडाओरडा?" मी गाल चोळत म्हणालो, "काही नाही."

पुढे दोन तासांनी गल्लीच्या टोकाकडून "पाणी आले" अशी आरोळी उठली. वडील कचेरीतून धावत आले होते. सगळा वाडा अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे निघाला. माई रिकाम्या हातांनी आमच्याबरोबर चालत होत्या. दोन तास आधी कळते तर हातगाडीवर घालून ते यंत्र हलवता आले असते. पूर ओसरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा वाड्याची एक बाजू बसली होती आणि खोल्यांत कमरेइतका गाळ होता. यंत्र सापडले नाही.

ती रात्र आम्ही पर्वतीवर काढली. खाली शहरात एक दिवा नव्हता आणि वर आकाशात चंद्र नव्हता. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा कळले की त्याच पर्वतीवर २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांनी पानिपतच्या दुःखात प्राण सोडले. म्हणजे बरोबर दोनशे वर्षे आधी! ज्या लकडी पुलावरून पुराचे पाणी गेले, तो पहिला लाकडी पूलही १७६१ चाच, नानासाहेबांच्या हुकमाने झालेला. लाकूड केव्हाच गेले. नाव मात्र शिमला ऑफिससारखेच टिकले.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणावी? बुडालेल्या शहराला दुसऱ्या दिवसापासून प्यायला पाणी नव्हते, कारण नळाचे पाणी यायचे ते खडकवासल्याचे. मग लोकांना जुने आड आणि हौद आठवले. नानासाहेबांच्याच काळात कात्रजच्या तलावातून नळ घालून पुण्यात आणलेले पाणी हौदांत येत असे. आईबरोबर कळशी घेऊन मी त्या रांगेत उभा राहिलो आहे.

माईंना पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली. कॉलेजात असताना एकदा धीर करून गेलो आणि ते "काही नाही" त्यांना सांगून टाकले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, पोराचे ऐकून मी तरी कुठे उठले असते? पण सांगायला हवे होतेस." दोन्ही वाक्ये खरी होती. पहिल्याने मला सोडले, दुसऱ्याने अजून सोडलेले नाही.

पुढे चौतीस वर्षे इतिहास शिकवला. वर्गात एखादे पोर धापा टाकत काही सांगत आले की आधी पूर्ण ऐकून घ्यायचे, खरेखोटे मग पाहायचे, एवढे पथ्य पाळले. त्यातल्या नव्वद टक्के बातम्या खोट्या निघाल्या. असो.

नदी विसरत नाही, आपण विसरतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसे नेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात. पाण्याला नकाशा वाचता येत नाही, आणि आपल्याला वाचायचा नसतो.

आज सकाळी नातवाने मोबाईलवर नारिंगी इशारा दाखवला. नारिंगी म्हणजे तयार राहा. "आजोबा, हे रोजच येते," तो हसून म्हणाला. मीही हसलो. मग आत जाऊन फोन उचलला. पर्जन्यमापक देणारा तो विद्यार्थी नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. त्याला म्हटले, "धरणातून पाणी सोडणार आहेत का ते बघत राहा. आणि महत्त्वाची कागदपत्रे वर ठेव." तो म्हणाला, "सर, अजून तसे काही नाही हो."

"नसेल," मी म्हटले, "पण मी सांगितले."

बाहेर पाऊस पुन्हा वाढला आहे. उद्या साडेआठला कळेल किती पडला ते.