एक दशांश गुण

अमेरिकेतील ‘ड्रम कोअर’ म्हणजे बिगूल, ड्रम आणि निशाणे घेऊन मैदानावर संचलन करणारी तरुणांची पथके. त्यांच्यातील जुन्या-नव्याचा वाद बहुधा वाद्यांवरून होतो: २००० साली ‘जी’ स्वराच्या बिगुलांची सक्ती उठली, २००४ मध्ये ध्वनिवर्धक आले. मला मात्र खरी दुभंगरेषा गुणपत्रिकेत दिसते.

ही पथके माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने वाढली, त्यामुळे परीक्षणही लष्करी तपासणीसारखे असे. परीक्षक चुका टिपत. प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापला जाई. अशा हिशेबात सरळ रांगा आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आकृत्या यांतच शहाणपण होते.

१९७२ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुढे १९८३ मध्ये न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी जॉर्ज झिंगाली यांच्या असममित, सतत रूप पालटणाऱ्या रचनांवर विजेतेपद मिळवले. पुढच्याच हंगामात चुका मोजण्याची पद्धत बंद झाली. धाडस आधी आले हे खरे. पण ते रूढ झाले मोजमाप बदलल्यावर.

तरीही परंपरा पुसली गेली नाही. पूर्वी ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याने तिरका लटके, म्हणून डाव्या हाताची काठी तळव्यावर आडवी धरत. आता ड्रम सपाट बसतो. तरी अनेक वादक काठी तशीच धरतात. जी शिस्त एके काळी गरज होती, ती आज त्यांची निवड आहे.